तुतीखालची फियाट

मित्रांनो, ज्या गाडीविषयी घरातली सगळी माणसं नऊ वर्षं 'ती बिघडली आहे' असं म्हणत होती, ती फियाट म्हणजे मीच. मला बोलता आलं असतं, तर माझं काहीही बिघडलेलं नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण गाडीला हॉर्न असतो, तोंड नसतं. आणि तो हॉर्नसुद्धा दुसऱ्या कुणीतरी दाबावा लागतो. म्हणून आज, उशिरा का होईना, सांगते आहे. फार दमले आहे. बोलता बोलता मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म १९६६ सालचा, मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातला. रंग फिकट पिस्ता. माझा गिअर आजच्या गाड्यांसारखा दोन सीटांच्या मध्ये नव्हता, तो स्टिअरिंगखाली, डाव्या हाताशी होता. त्या काळी गाडीसाठी माणसं नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. दिल्लीच्या एका डॉक्टरांनी मला घेतलं आणि नऊ वर्षं जपून वापरलं. पुढे ते परदेशी मुलाकडे कायमचे निघाले, तेव्हा मी हरिदास मेश्रामांच्या घरी आले.

घर म्हणजे करोल बागेतल्या दोन खोल्या. हरिदास मूळचे भंडाऱ्याचे, सरकारी कार्यालयात नकाशे काढायचं काम करायचे. त्यांच्या पत्नी कुमुदिनी जवळच्याच शाळेत गणित शिकवायच्या. मुलगा मानस तीन वर्षांचा होता. आणि हरिदासांच्या आई, भीमाबाई. मला दारात उभी केली तेव्हा भीमाबाईंनी माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारली, प्रत्येक दाराच्या मुठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हरी, गाडी चांगली आहे. पण हिला गल्लीत ठेवू नकोस, पोरं ओरखडे काढतील." दर चौदा एप्रिलला माझ्या बॉनेटवर झेंडूचा हार पडायचा. हार घालायचा मान भीमाबाईंचा असे.

मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी यमुनेपलीकडे एक नवी वसाहत वसवायचं ठरलं. नोएडा हे नाव तेव्हा कागदावरच होतं. हरिदास त्याच कागदांवर काम करायचे. मागच्या सीटवर नकाशांच्या गुंडाळ्या टाकून आम्ही पूल ओलांडायचो आणि कच्च्या वाटेने शेतांत शिरायचो. ते माझ्या बॉनेटवर नकाशा पसरायचे आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. एका रविवारी कुमुदिनीही सोबत होत्या. हरिदासांनी लांब बोट दाखवून सांगितलं, "ते तिथे सेक्टर एकोणीस. त्या कोपऱ्यावर आपलं घर होईल बघ."

कुमुदिनी हसून म्हणाल्या, "अहो, तिथे तर मोहरी उभी आहे."

"ती कापली की होईल."

हरिदासांची नजर त्या वेळी फार तीक्ष्ण होती. अर्ध्या मैलावरची आखणीची खुंटी ते मला चालवता चालवता ओळखायचे.

भीमाबाईंची नजर मात्र जात चालली होती. त्या भिंतीला खांदा घासत चालायच्या. एके दिवशी हरिदास त्यांना आणि कुमुदिनींना माझ्यात बसवून टेकडीवरच्या हिंदूराव रुग्णालयात घेऊन गेले. चढावर मी जरा धापा टाकत होते. नाव ऐकून भीमाबाईंना बरं वाटलं. "हिंदूराव? आपल्याच बाजूचा कुणीतरी दिसतो," त्या म्हणाल्या. डॉक्टरांकडे मायलेक गेले, कुमुदिनी माझ्यातच थांबल्या. परत येताना कुमुदिनींनी विचारलं, तेव्हा हरिदासांनी सांगितलं, काचबिंदू आहे. डोळ्यांतला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने आत आत मरत जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही.

"आणि डॉक्टर अजून काय म्हणाले?"

"म्हणाले, मुलांनीही दरवर्षी डोळे तपासून घ्यावेत."

"मग तुम्ही घ्या तपासून."

"घेईन ना," हरिदास म्हणाले आणि गिअर बदलला.

मित्रांनो, ते 'घेईन ना' मी ऐकलं होतं. त्यानंतर बारा वर्षं त्यांनी मला दिल्लीभर फिरवलं, पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दारात एकदाही उभं केलं नाही.

१९८३ साली घर बांधून झालं. सेक्टर एकोणीसमध्ये तेव्हा मोजून अकरा घरं होती. बाकी आखीव रस्ते आणि मोकळे प्लॉट. बस मुख्य रस्त्यापर्यंतच यायची. कुमुदिनींची शाळा करोल बागेतच राहिली होती. रोज सकाळी हरिदास त्यांना माझ्यातून पुलापलीकडे बसपर्यंत सोडायचे आणि संध्याकाळी आणायला जायचे. मग एका सुट्टीत त्यांनी कुमुदिनींना उजव्या बाजूला बसवलं.

त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझा क्लच असा सोडला की मी बेडकासारखी उडी मारून बंद पडले. हरिदास पोट धरून हसले. कुमुदिनी चिडून म्हणाल्या, "हसू नका. मी मुलांना अपूर्णांक शिकवताना अशी हसत नाही."

"बरं, नाही हसत. हळू सोड. पाय उचलू नकोस, पायाला उचलू दे."

"म्हणजे काय?"

"मलाही नाही माहीत. पण असंच होतं."

महिन्याभरात त्या रिकाम्या रस्त्यांवर त्या मला इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवू लागल्या. पुढे परवाना मिळाला. मग शनिवारी त्या स्वतः मला घेऊन शाळेत जायच्या. वाटेत सिग्नलला शेजारचे ट्रकवाले वाकून बघायचे. त्या समोर बघत बसायच्या, पण स्टिअरिंगवरची बोटं ताल धरायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. भीमाबाई १९८७ साली गेल्या. तोवर त्यांना संध्याकाळी माझ्यात बसून सेक्टरला एक चक्कर मारायला आवडायचं. दिसत काही नव्हतं, पण काच खाली करून बसायच्या.

आता जे सांगणार आहे, ते सांगायला मला जड जातं.

१९९२ च्या फेब्रुवारीतली दुपार होती. स्वच्छ ऊन. हरिदास मला घेऊन एकटेच बाजारातून परतत होते. डाव्या बाजूने शाळेच्या गणवेशातली एक मुलगी सायकलवरून येत होती. मला ती काचेच्या कोपऱ्यातून स्पष्ट दिसत होती. तिची घंटीही ऐकू येत होती. हरिदासांनी मला डावीकडे वळवलं ते थेट तिच्या अंगावर. माझा पत्रा तिच्या हँडलला लागला, ती पडली. देवाची कृपा, फक्त कोपर सोलवटलं.

हरिदास उतरले. त्यांनी बाटलीतल्या पाण्याने तिचं कोपर धुतलं, सायकलचं हँडल गुडघ्यांत धरून सरळ केलं. मुलगी रडली नाही, रागावलीही नाही. नवल वाटल्यासारखी म्हणाली, "अंकल, मैं तो कब से घंटी बजा रही थी। आपको दिखी नहीं?"

हरिदासांनी सायकल तिच्या हातात दिली.

घरी आल्यावर त्यांनी मला अंगणातल्या तुतीखालच्या पोर्चमध्ये लावलं आणि आतच बसून राहिले. मग एक डोळा हाताने झाकून माझ्या आरशाकडे पाहिलं. मग दुसरा झाकला. असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी कुमुदिनी शाळेत गेल्यावर त्यांनी माझं बॉनेट उघडलं. माझ्या इंजिनात एक डबी आहे. तिच्यातून चारही प्लगांना ठिणगी वाटली जाते. त्या डबीच्या आत बोटाच्या पेराएवढा एक तुकडा फिरत असतो. मिस्त्री त्याला रोटर म्हणतात. तो नसला तर जगातला कुठलाही ड्रायव्हर मला सुरू करू शकत नाही. हरिदासांनी तो काढला, रुमालात गुंडाळला आणि घरात नेऊन आपल्या नकाशांच्या कंपासपेटीत ठेवला. बॉनेट लावताना त्यांनी माझ्यावर हात ठेवला होता. तो हात थंडगार होता.

संध्याकाळी कुमुदिनींनी विचारलं, "आज बाहेर नाही काढली?"

"बिघडली आहे," हरिदास म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून मी बिघडलेली झाले.

पहिले काही महिने कुमुदिनी म्हणत राहिल्या, "अहो, मिस्त्रीला दाखवा ना." उत्तर ठरलेलं असायचं, "दाखवलं. पार्ट मिळत नाही. जुनी गाडी आहे, मिळाला की करू." यंत्रांचं घरात सगळं हरिदासच बघायचे. मिक्सरपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत काहीही तेच दुरुस्त करायचे. यंत्राबाबत ते खोटं बोलतील हे कुमुदिनींच्या मनात यायचं कारणच नव्हतं. मानस तेव्हा पुण्याला कॉलेजात होता. हरिदास रिक्षाने ऑफिसला जाऊ लागले. समोरचं त्यांना नीट दिसायचं, पेपर वाचता यायचा. फक्त दोन्ही बाजू हळूहळू विझत चालल्या होत्या. घरात ते टेबलाला आपटायचे, उंबऱ्यावर अडखळायचे आणि चिडायचे. 'वय झालं' असं सगळे म्हणायचे.

आणि कुमुदिनी बसने जाऊ लागल्या.

तेव्हा दिल्ली झपाट्याने बदलत होती. रोज एखादी नवी गाडी रस्त्यावर दिसायची, आमच्या सेक्टरातले प्लॉट भरत चालले होते, समोर दुमजली घरं उठत होती. बसगाड्या मात्र त्याच होत्या, माणसं दुप्पट. सकाळी पावणेसहाला त्या फाटक लावायच्या. कुलूप लावताना हातातली पिशवी माझ्या बॉनेटवर ठेवायच्या. एक बस, मग दुसरी, मग चालत. संध्याकाळी परत तेच. जानेवारीच्या धुक्यात मफलर गुंडाळून निघायच्या, मे महिन्यात ओला रुमाल डोक्यावर घेऊन. एकदा त्या परतल्या तेव्हा घरात शिरायच्या आधी माझ्या पुढच्या बंपरवर बसल्या. पिशवी मांडीवर. दहा मिनिटं तशाच. डोळे उघडे होते, पण कशाकडेही बघत नव्हत्या. मला वाटलं, चला, बाक म्हणून तरी उपयोगी पडले. पुढे ती त्यांची सवयच झाली.

माझं काय झालं ते थोडक्यात सांगते. तुती दर उन्हाळ्यात पिकायची आणि माझ्यावर जांभळा सडा पडायचा. डाग पत्र्यात मुरले. चारही टायर बसले. उंदरांनी मागची सीट उसवून घरटं केलं. कुमुदिनी माझ्या टपावर गोधड्या वाळत घालायच्या. गल्लीतली मुलं चेंडू शोधायला माझ्याखाली शिरायची आणि मला 'खटारा' म्हणायची. रागवावं असं त्यात काही नव्हतं. दिसायला मी तशीच होते.

अशी नऊ वर्षं गेली. २००१ चा मार्च आला. मानस नोएडातल्याच एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला लागला होता आणि त्याने नवी गाडी बुक केली होती. जेवणाच्या टेबलावरचं बोलणं स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ऐकू यायचं. रविवारी सकाळी पोहे खाताना तो म्हणाला, "बाबा, पंधरा दिवसांत गाडी येतेय. पोर्चमधल्या या डब्याचं काहीतरी डिसाइड करायला हवं यार. दोन ऑप्शन आहेत. एक, सरळ कबाडीकडे भंगारात. दुसरं, ऑफिसमधल्या एकाचा भाऊ गुडगावला रेस्टॉरंट काढतोय. त्याला दारात ठेवायला जुनी गाडी हवीय. इंजिन काढून टाकणार, लाल रंग देणार, आत दोन जणांचं टेबल लावणार. मस्त दिसेल."

"कबाडीला दे," हरिदास लगेच म्हणाले. "आजच बोलाव."

खिडकीत कुमुदिनी चहा गाळत होत्या. त्यांचा हात थांबला. नऊ वर्षं हाच माणूस 'राहू दे, पार्ट मिळाला की करू' म्हणत आला होता, आणि आज विचार करायला एक मिनिटही न घेता 'आजच बोलाव'? गणिताच्या बाईंना उत्तर जुळेना.

"आठ दिवस थांबा," त्या म्हणाल्या.

"कशाला? सडलीय ती," हरिदास म्हणाले.

"मी म्हटलं ना, आठ दिवस."

करोल बागेत गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत, हे तुम्हाला माहीत असेल. शाळेतून परतताना कुमुदिनी त्या गल्लीत गेल्या. पूर्वी माझं काम करणारे सरदार गुरमेल सिंग तिथेच बसायचे. त्यांनी बाईंना ओळखलं. "मास्टरनीजी! फिएट कहाँ है? बेच दी?" बाईंनी विचारलं, तिचे पार्ट मिळत नाहीत ना? गुरमेलजी हसले. मागच्या भिंतीवरचे सगळे खण दाखवत म्हणाले, "फिएट का कौन सा पार्ट नहीं मिलता, आप बताओ।" बाई फक्त 'रविवारी घरी या' म्हणाल्या. हे सगळं गुरमेलजींनीच पुढे मला पुसता पुसता बडबडत सांगितलं.

रविवारी ते हातात हत्यारांची पेटी घेऊन आले. हरिदास व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. आवाज ऐकताच उठून उभे राहिले. "कुणाला बोलावलंस?"

"गुरमेलजींना. नुसतं बघून घेतील."

हरिदास परत बसले. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले.

बॉनेट उघडताना माझ्या बिजागऱ्या किंचाळल्या. गुरमेलजींनी तेल पाहिलं, पट्टा पाहिला, तारा पाहिल्या. "उंदरांनी तारा खाल्ल्यात, बॅटरी गेली, बाकी इंजिन सोनं आहे," अशा अर्थाचं काहीतरी ते हिंदीत पुटपुटत होते. मग त्यांनी त्या डबीचं झाकण काढलं. रिकाम्या जागेवर बोट ठेवून त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"मास्टरनीजी, इसका रोटर नहीं है।"

"पडला असेल कुठे... मतलब, गिर गया होगा?"

"ये गिरता नहीं है जी। ढक्कन बंद था। ये किसी ने निकाला है।"

कुमुदिनींनी वळून व्हरांड्याकडे पाहिलं. हरिदासांची मान खाली होती. गुरमेलजी शहाणे होते. हात धुवायच्या निमित्ताने ते मागच्या नळाकडे निघून गेले. मानस दारातच थांबला.

"तुम्ही काढलात?" कुमुदिनींनी विचारलं.

"हो. माझ्या कंपासपेटीत आहे."

"कधी?"

"ती बंद पडली त्या दिवशी. म्हणजे... बंद पडलीच नव्हती. गाडीत काही खराबी नव्हती, कुमुद. मला कडेचं दिसत नाही. एका मुलीला धक्का लागला. थोडक्यात वाचली ती."

कुमुदिनी त्यांच्याजवळ गेल्या. त्यांच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर त्यांनी तीन बोटं धरली. "समोर बघा. किती बोटं आहेत?"

हरिदास समोर बघत राहिले. "बोटं कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

कुमुदिनींचा हात खाली आला.

"आईंसारखं?"

"आईसारखंच."

"आणि तुम्हाला माहीत होतं. गाडीत बसून डॉक्टरांचं सांगणं तुम्हीच मला सांगितलं होतंत." त्यांचा आवाज चढला नाही. उलट इतका खाली गेला की मला नीट ऐकू येईना. "रोटर काढून पेटीत ठेवलात. डोळ्यांचं काय केलंत? तेही पेटीत ठेवलेत?"

हरिदासांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मला चालवता येत होतं. परवाना आहे माझा. तुम्ही सांगितलं असतंत तर मी चालवली असती. तुम्हालाही नेलं असतं, डॉक्टरकडेही नेलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," हरिदास म्हणाले. "तू चालवली असतीस आणि मी शेजारी बसलो असतो. रोज. सगळ्या सेक्टरनं पाहिलं असतं. मग कुणीतरी विचारलं असतं, का हो, तुम्ही का नाही चालवत? ते मला जमणार नव्हतं. मला वाटलं, गाडीच नसली तर कुणी विचारणार नाही."

"नऊ वर्षं मी दोन-दोन बस बदलत गेले. मला वाटायचं, या माणसाला माझी दमणूक दिसत नाही."

"दिसायची," हरिदास म्हणाले. "तू समोरून यायचीस ना फाटकातून. समोरचं दिसायचं मला. तू गाडीच्या बंपरवर बसायचीस तेही दिसायचं."

मित्रांनो, मी पत्र्याची आहे. पण त्या वेळी मला वाटलं, कुणीतरी माझं बॉनेट आता बंद करावं.

मानस व्हरांड्याच्या पायरीवर बसला. "बाबा, मला तरी सांगायचं होतं."

"तू पुण्याला होतास."

"आणि नंतर?"

"नंतर फार उशीर झाला होता रे सांगायला."

कुमुदिनी माझ्याकडे आल्या. दार जोर लावून उघडलं आणि माझ्या स्टिअरिंगसमोर बसल्या. स्प्रिंगा वर आल्या होत्या, उंदरांचा वास होता. त्यांना त्याचं काही नव्हतं. दोन्ही हात चाकावर ठेवून त्या तुतीच्या खोडाकडे बघत बसल्या. गुरमेलजी परत आले आणि खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, "एक महीना दे दो जी। बिल्कुल नई कर दूँगा। आप ही चलाना।"

मी वाट बघत होते. खोटं कशाला बोलू, मला जायचं होतं. त्या मोकळ्या रस्त्यांवर, इंग्रजी आठ काढायला.

"नहीं, गुरमेलजी," कुमुदिनी म्हणाल्या. मग मराठीतच बोलू लागल्या. बहुधा कुणाला सांगतोय याचं भानच नव्हतं. "मला ही एक्कावन्नाव्या वर्षी हवी होती. रोज सकाळी हवी होती. आता साठ झाली. पुढच्या महिन्यात शाळा संपतेय. आता मला कुठे जायचंय? दमले मी." मग मानसकडे वळून म्हणाल्या, "त्या हॉटेलवाल्याला नाही म्हणून सांग. हिच्यात बसून लोकांनी जेवायचं, हे मला बघवणार नाही. कबाड्यालाही नको. हिचं इंजिन चांगलं आहे, दारं चांगली आहेत. ज्यांच्या फियाट अजून रस्त्यावर आहेत, त्यांना लागेल ते यांनी द्यावं. गुरमेलजी, आप ले जाइए।"

माझा निर्णय असा झाला. कुणी भांडलं नाही. हरिदासांनी कंपासपेटी आणून गुरमेलजींच्या हातात रोटर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "सरदारजी, खराबी मेरी थी।"

दुसऱ्याच दिवशी कुमुदिनींनी शाळेला रजा टाकली आणि मानससोबत हरिदासांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आल्यावरचं बोलणं मी खिडकीतून ऐकलं. उजवा डोळा गेलेला होता. डाव्यात नळीतून बघावं तेवढी नजर उरली होती. ती टिकवायची तर दिवसातून चार वेळा थेंब, जन्मभर. डॉक्टरांनी हरिदासांना विचारलं होतं, आधी का नाही आलात? हरिदासांनी 'घाबरलो होतो' असं सरळ सांगितलं होतं. मानसला त्याचंच नवल वाटत होतं. बाबांच्या तोंडून हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर गुरमेलजींचा ट्रक येईपर्यंतचे बारा दिवस कुमुदिनी हरिदासांशी फारसं बोलल्या नाहीत. दिवसातून चार वेळा खिडकीतून दोनच शब्द ऐकू यायचे, "वर बघा." मग थोडा वेळ शांतता. मग भांड्यांचा आवाज. राग गेला नव्हता. नऊ वर्षांचा राग बारा दिवसांत कसा जाईल? पण थेंबांची वेळ एकदाही चुकली नाही.

मला न्यायला आले तेव्हा दुपार होती. साखळीने ओढून ट्रकवर चढवलं. कुमुदिनींनी फाटक पूर्ण उघडून धरलं होतं. त्या रडल्या नाहीत. ट्रक वळल्यावर त्यांनी केरसुणी घेतली आणि माझ्या जागेवरचा नऊ वर्षांचा पाचोळा झाडायला लागल्या. मी तेवढंच पाहिलं.

आता मी करोल बागेत गुरमेलजींच्या दुकानामागे आहे. म्हणजे जेवढी उरले आहे तेवढी. इंजिन एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या राखी फियाटमध्ये गेलं. ती परवा गल्लीत आली होती, आवाज छान होता. दोन दारं गाझियाबादला गेली. पुढची काच आणि टप अजून माझ्याजवळ आहेत, म्हणून बघता येतं. थकवा आहे, पण तो काम झालेल्याचा थकवा आहे, पडून राहिलेल्याचा नाही. दोन्हींत फार फरक असतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू वर्षानुवर्षं 'बिघडलेली' म्हणून कोपऱ्यात पडली असेल. एखाद्या रविवारी तिला उघडून बघा. आणि घरातलं एखादं माणूस सारखं टेबलाला आपटत असेल, उगाच चिडत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा. पहिल्यांदा ते 'काही नाही' म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा.

गेल्या आठवड्यात कुमुदिनी आणि हरिदास दवाखान्यातून परतताना गुरमेलजींच्या दुकानी आले होते. हरिदासांनी कुमुदिनींचा दंड धरला होता. मला शोधायला नव्हते आले. गुरमेलजींनी चहाला बोलावलं होतं. कुमुदिनी स्टुलावर बसल्या. या गल्लीतून त्या इतकी वर्षं धावत गेल्या असतील, पण इथे त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. अर्धा चहा झाल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं, पर्समधून थेंबांची बाटली काढली आणि उठल्या.

"इथेच?" हरिदासांनी विचारलं.

"वेळ झाली."

गल्लीत तुफान गर्दी होती. हातगाड्या, स्कूटर, सामान घ्यायला आलेली माणसं. मागच्या रिक्षावाल्याला पुढे जायचं होतं, पण बाईंच्या हातातली बाटली पाहून तो पॅडलवर पाय टेकून थांबला. दोन दुकानदारांनी मान वळवली. हरिदासांनी चष्मा काढून गुरमेलजींच्या हातात दिला.

"वर बघा," कुमुदिनी म्हणाल्या.

आणि भर बाजारात, सगळ्यांसमोर, हरिदासांनी मान वर केली.